सुनंदाच्या रांजणातलं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, माहेरीही नाही. बोलायला गेले की तोंडातून दुसरंच काही निघतं — आज तसं होऊ देणार नाही.

आमचं गाव बुलढाण्याकडं, धाडजवळ. नळ दहा-बारा दिवसांनी येतो, तोही आला तर. अशा गावात सरकारी दवाखान्याची आशाताई दारोदार सांगत फिरायची, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी उपडी करा, साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. उपडी करा! मग प्यायचं काय, तिचं भाषण? मी मोरीमागच्या ड्रमवर पोतं टाकायचे आणि सांगायचे, "सारं रिकामं हाय बाई." वर हसायचेही. त्या ड्रममध्ये अळ्या वळवळताना मला दिसायच्या. दिसायच्या — आता खोटं कशाला सांगू?

मग शेजारच्या सुनंदाची पोरगी पायल तापानं फणफणली. घराची किल्ली माझ्याकडे देऊन नवरा-बायको तिला बुलढाण्याला दवाखान्यात घेऊन गेले. डेंग्यू निघाला. गल्लीतली घरं तपासायला माणसं येणार, असा निरोप आला. ड्रम ओतून द्यावा? जीव होईना. सुनंदाचा रांजण अर्धा रिकामा होता. कळशी कळशी करून ते पाणी मी तिच्या रांजणात ओतलं. वाटलं, वायाही जाणार नाही आणि माझ्यावरही येणार नाही.

तपासणीवाल्यांना कुलूप मीच काढून दिलं; अळ्या सुनंदाच्या घरात सापडल्या. पायल घरी आली नाही. भरल्या घरात सगळ्यांसमोर, दिवसांना आलेली सुनंदाची सासू म्हणाली, "आपल्या हातानं पोरगी खाल्ली हिनं." सुनंदालाही ते पटलं होतं. आणि मी? तिथंच, मूग गिळून उभी. ते पाणी माझं होतं — एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग गावात तोंड कसं दाखवलं असतं? म्हणून नाही बोलले. दुसरं कारण नाही.

सुनंदानं रांजण फोडून टाकला. आता ती घरात पाणी साठू देत नाही. थोडंसं भरते, संपलं की कळशी घेऊन माझ्या दारात येते. मी देते. नाही कसं म्हणू? परवा म्हणाली, "साऱ्याईनं मले बोल लावला, ताई. एक तूच कधी काही म्हणली नाही."

मी कळशी उचलून तिच्या डोक्यावर दिली.