मल्हारनं भरलेलं ऑइल

गेणबा आबांचं गॅरेज आणि माझं चहाचं दुकान यांच्यामध्ये एकच पत्रा. त्यामुळं न्हावऱ्यातली निम्मी भांडणं मला बसल्या जागी ऐकायला मिळतात. गिऱ्हाइकानं ऑइल बदलायला उशीर केला की आबा त्याला धुऊन काढायचे. "सोता रोज ताजं खातूस ना? मग इंजिनाला शिळं कामून पाजतूस?"

स्कूटरला बाटलीतलं सगळं ऑइल लागत नाही. तळाला उरतं ते गिऱ्हाईक सोडून जातं. आबा त्या बाटल्या एका कॅनवर उलट्या लावून ठेवायचे. जाड, पातळ, या कंपनीचं, त्या कंपनीचं, ट्रॅक्टरचंसुद्धा, सगळं एकत्र. ते फक्त बिजागऱ्यांना आणि कडबाकुट्टीला. गाडीत घालायचं नाही, हा त्यांचाच नियम.

आणि एक दिवस बघतो तर आबा त्याच कॅनमधलं सुनेच्या स्कूटरमध्ये ओततायत.

मी कसला गप्प बसतोय. म्हटलं, "आबा, गावाला पंचपक्वान्न आन् सुनेला शिळंपाकं व्हय? सासुरवासाचा ह्यो नवाच परकार काढलात."

"कमी झालंय. भर घालतोय."

"मग खालचं काढून नवं भरा की."

"तुझा चहा उतू चाललाय, जा."

त्याआधीच्या दिवाळीनंतर त्यांचा एकुलता एक मुलगा मल्हार तापाचं निमित्त होऊन दौंडच्या दवाखान्यात गेला, तो परत आलाच नव्हता. तेव्हापासून त्याच्याच स्कूटरवर त्याची बायको अंकिता कारेगावला कंपनीत जात होती.

श्रावणात एका संध्याकाळी ती स्कूटर ढकलत आली.

"आबा, ट्रकांच्या मधी बंद पडली. इंजिन नुसतं खडखडतंय. आत ऑइल हाय का काय हाय?"

आबांनी झाकण काढून बघितलं. डांबरासारखा गाळ. ते तिथंच खाली बसले.

"मल्हारनं भरलं व्हतं त्ये," ते म्हणाले. "ताप यायच्या आधल्या रविवारी, सोताच्या हातानं. मी काढलंच न्हाई. नवी बाटली फोडाय हात व्हईना. कमी झालं की उरलंसुरलं घालत गेलो."

अंकिता त्यांच्याशेजारी टेकली. "मला म्हाईत असतं तर मीबी काढू दिलं नसतं. पण इंजिन बसलं तर त्यांची गाडीबी जाईल, आबा."

आबांची मालकीण कुशाबाई घरातून स्टीलचं पातेलं घेऊन आली. गॅरेजचा मळका ट्रे तिनं पायानं बाजूला सारला आणि पातेलं गाडीखाली ठेवलं.

आबांनी खालचा बोल्ट सोडला. काळी धार लागली. त्यांनी ती बोटावर घेतली, चोळली, वास घेतला, पुन्हा घेतली.

"ह्यात त्याचं कुठलं आन् मी घातलेलं कुठलं," ते म्हणाले.

 

धारेचे थेंब झाले, मग तेही थांबले. बोल्ट आबांच्या मुठीत तसाच.

"अवो, लावा आता," कुशाबाई म्हणाली.

त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. शेवटी अंकितानंच त्यांची मूठ हळूहळू उघडून बोल्ट घेतला, आणि पान्ह्यानं आवळला.