फौजदारबाईंचं दार

तिला सगळं इस्पितळ फौजदारबाई म्हणायचं. पोलिसात ती कधीच नव्हती. बायकांच्या वॉर्डच्या दाराशी गार्ड होती, एवढंच. पण आवाज असा खणखणीत, की भेटीची वेळ संपल्यावर तिनं एकदा "चला, निघा आता!" म्हटलं की नुकती टेकलेली माणसंही उठून उभी राहायची. नवरा गेल्यावर ही नोकरी धरली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. सासूनं मात्र सगळ्यांना सुनावलं, "घरात मला ओरडते, त्यापेक्षा तिकडे जाऊन ओरडू दे की! वर पगार मिळेल."

एके दिवशी कोपऱ्यातल्या खाटेवरच्या पोरीनं तिला हळूच बोलावलं. हात प्लास्टरमध्ये, डोळ्याखाली काळंनिळं. जिन्यावरून पडले, असं तिनं आल्या आल्या सांगितलं होतं.

"मावशी, माझा नवरा आला तर आत सोडू नका."

फौजदारबाईनं जिन्याबद्दल काही विचारलं नाही. "नाही सोडत," म्हणाली, आणि वॉर्डच्या सिस्टरच्याही कानावर घालून आली.

तो दुपारी भेटीच्या वेळेला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी, सोबत त्याची आई. बोलणं असं गोड, की पाहणाऱ्याला वाटावं असा जावई शोधून सापडणार नाही.

"पेशंटला कुणाला भेटायचं नाही," फौजदारबाई म्हणाली.

"मी कुणी परका नाही. नवरा आहे तिचा."

"तिनं नवऱ्यालाच सोडू नका म्हणून सांगितलंय."

गोडवा तिथंच संपला. तो आवाज चढवून बोलायला लागला, त्याच्या आईनं छाती बडवून घेतली, आणि बाकांवरचे नातेवाईक मान वळवून बघू लागले. आपली डाळ शिजत नाही म्हटल्यावर त्यानं फोन फिरवला. थोड्याच वेळात ऑफिसातले मॅनेजरसाहेब लगबगीनं आले. ते एरवी वॉर्डकडे फिरकतसुद्धा नसत.

"अहो बाई, नवरा-बायकोच्या भानगडीत आपण कशाला पडायचं? सोडा त्यांना. वरच्या लोकांच्या ओळखीचे आहेत."

"साहेब, आधी तिला विचारा. ती हो म्हणाली तर मी स्वतः खुर्ची देते यांना."

"मी सांगतोय ना? नाहीतर उतरवा तो गणवेश!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज वाढला नाही, हे नंतर सिस्टर नवलानं सांगायची. तिनं डोक्यावरची टोपी काढली, पट्टा सोडला आणि दोन्ही वस्तू साहेबांच्या हातात ठेवल्या. मग आपलं स्टूल ओढून बरोबर दाराच्या मध्ये मांडलं आणि त्यावर बसली.

"घ्या. आता मी तुमची गार्ड नाही. मग मला हुकूम कोण देणार? आता मी त्या पोरीची मावशी. मला उचलून बाजूला ठेवायचं असेल तर ठेवा, बघणारे बरेच आहेत."

नवऱ्यानं पाऊल पुढं टाकलं. ती हलली नाही. दोन्ही हातांनी तिनं स्टुलाची कड घट्ट धरली. त्यानं स्टुलाला लाथ घातली. स्टूल कलंडलं, ती गुडघ्यावर आपटली, आणि उठून पुन्हा तिथंच उभी राहिली. तेवढ्यात बाकांवरच्या बायका उठल्या. एकीनं तर डबाच उगारला. "हात लावून दाखव!"

साहेबांचा चेहरा उतरला. आतून सिस्टरनं एव्हाना पोलिसांना फोन केला होता. पोलीस आले, नवऱ्याला घेऊन गेले. त्या पोरीनं पडल्या पडल्या जबाब दिला, आणि त्यात जिन्याचं नाव नव्हतं. बरी झाल्यावर तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला.

फौजदारबाईला बक्षीस काय मिळालं? घरी बसवलं. साहेबांनी निरोप धाडला: उद्धटपणाची माफी लिहून दिली तर बघू.

गुडघ्याला शेक देता देता सासू म्हणाली, "लिहिलीस तर या घरात पाय ठेवू नकोस."

"लिहितेय कोण!"

ती तशीच ऑफिसात गेली. "माफी मागायची तर लाथ मारणाऱ्यानं मागावी, नाहीतर त्याला आत सोडा म्हणणाऱ्यानं," असं तोंडावर सांगून आली. इकडे वॉर्डच्या सगळ्या सिस्टर्सनी एक होऊन कळवलं, दाराशी ती नसेल तर भेटीच्या वेळेला आम्ही दार उघडणार नाही. दोन दिवस दार खरंच बंद राहिलं. नातेवाइकांनी ऑफिसात जाऊन असा काही गोंधळ घातला, की साहेबांच्या नाकी नऊ आले.

तिला परत बोलावलं. माफीचा विषय कुणी काढला नाही. टोपी आणि पट्टा टेबलावरून पुढं सरकवत साहेब म्हणाले, "पण बाई, यापुढं जरा सबुरीनं घ्या."

"सबुरी येणाऱ्यांना शिकवा, साहेब. आणि आजपासून खाटेवरची बाई नको म्हणाली तर कुणीही आत जाणार नाही. तुम्हीसुद्धा."

साहेबांनी खिडकीबाहेर बघत मान डोलावली. तिनं पट्टा कसला आणि लंगडत वॉर्डकडे निघाली.