पटावरची सतरावी

"नाव खोडू नका, गुरुजी. ती येती अजून."

दाराबाहेर एक बाई बोलत होती, अगदी सहज, हळू आवाजात. "नाही खोडत, जा तुम्ही," म्हणून गुरुजी आत आले. शाळेतला माझा तो तिसरा दिवस.

"तिची मुलगी श्रावणात तापानं गेली," ते मला म्हणाले. "सतरावा नंबर. पण बाई, पटावरून एक जरी कमी झालं, तरी स्कूल बोर्ड दुसरा शिक्षक काढून घेणार."

तो दुसरा शिक्षक म्हणजे मीच.

पिंपरीला तेव्हा नवा कारखाना उभा राहत होता. वडिलांना तिथं नोकरी लागली, म्हणून आम्ही पुण्याच्या कँपातून इकडे आलो. मी इंग्रजी शाळेतली; चारचौघांत मराठी बोलायचं म्हटलं की शब्द अडायचे. मुलं कुजबुजायची, "बाईंचं मराठी बैलगाडीनं येतंय."

बस्करपट्टीवर एका बाजूला गावच्या शेतकऱ्यांची मुलं बसत, दुसऱ्या बाजूला कारखान्याच्या कामावर आलेल्या परगावच्या कुटुंबांची. दोन्हींच्या मधे सतरावीची जागा. तिची आई रोज सकाळी पाटी ओल्या फडक्यानं पुसून तिथं ठेवून जायची. कुणी त्या पाटीला पाय लागू देत नसे.

हजेरी मी घ्यायची. "सतरा" म्हटलं की "हजर" यायचं. बारीक आवाज. कोण म्हणतं ते कळावं म्हणून मी आठवडाभर मुलांचे ओठ पाहिले. एकाचेही हलले नाहीत. गुरुजींना सांगितलं, तर ते म्हणाले, "तुम्ही खूण करा आणि पुढचा नंबर घ्या."

मग तपासणीला शिक्षण खात्याचे दिपोटी साहेब आले. हजेरीपुस्तक माझ्या हातात. सतरावीची आई दारात उभी.

"सतरा."

"हजर."

साहेबांनी मान वर केली. मुलं मोजली, पुन्हा मोजली. "सतरा कोण? उभी राहा."

कुणी हललं नाही. गुरुजी खिडकीबाहेर पाहू लागले. आईनं चौकट धरली. मी पट्टीवरच्या त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. सकाळी पुसलेली पाटी केव्हाच वाळायला हवी होती. ती अजून ओली होती.

या वेळी शब्द अडले नाहीत.

"ती रोज येते, साहेब," मी म्हणाले. "फक्त उभी राहत नाही."