भेदराची चटणी

“वाचवा! वाचवा! ही बाई माझी चटणी करतेय!”

आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ही आरोळी सुटली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. आरोळी साधीसुधी नव्हती. स्वारगेटच्या डेपोत साताऱ्याची गाडी भरत होती, तिच्या कंडक्टरने दचकून डबल घंटी मारली आणि गाडी निम्मी रिकामीच सुटली, असं नंतर बऱ्याच जणांच्या कानावर आलं. त्यांना सांगणारी मीच होते, पण म्हणून ते खोटं ठरत नाही.

ओरडणारी मुलगी आठ वर्षांची, माझ्या नवऱ्याची. तिची आई ती रांगत असतानाच गेली. ‘ही बाई’ म्हणजे मी. लग्नाला महिनाही झाला नव्हता आणि नवरा ऑफिसच्या कामासाठी बंगळूरला गेला होता. म्हणजे घरात आम्ही दोघीच.

पोरगी पडली की काय, म्हणून मी होते तशी धावले. होते तशी म्हणजे उजव्या हातात कांदा चिरायची सुरी आणि दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक. खाली पार्किंगमध्ये पहिल्या मजल्यावरचे काका स्कूटर पुसत होते. त्यांनी वर पाहिलं. ग्रिलला चिकटलेलं लेकरू आणि त्याच्या मागे सुरीवाली बाई. आमच्या वर्ध्याला अख्खी गल्ली जिना चढून वर आली असती, चहा पिऊनच खाली उतरली असती. काका म्हणाले, “अहो, चटणी करायची तर करा. पण जरा आवाज न करता करा.”

मी घाबरून उत्तर दिलं, “करूनच राहिली ना काका!”

पोरीने दुसरी आरोळी ठोकली. या वेळी मला वाटतं कोल्हापूरची गाडी गेली.

आता जरा उलगडून सांगते. आमच्या वऱ्हाडी बोलीत टोमॅटोला भेदर म्हणतात. माझ्या आजीच्या परसात भेदरं होती, आईच्या पाट्यावर भेदरं होती, मी स्वतः गुडघ्याएवढी असल्यापासून कच्ची भेदरं मीठ लावून खात आले. पुण्यात येऊन वर्ष झालं, नोकरीत मी शुद्ध बोलायला शिकले, ‘आपण’ म्हणायलाही शिकले, पण भूक लागली की माझं शुद्ध मराठी मला सोडून जातं. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणाला मी मोठ्या उत्साहाने या मुलीला म्हटलं होतं, “मले ना, भेदरं लय आवडतात. दिसली की सोडत नाही मी!”

तिच्या मराठीच्या पुस्तकात एक ससा होता. भेदरलेला. भेदर या शब्दाशी तिची ओळख एवढीच. तिने घास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून ती शूर झाली. जेवताना माझ्या डोळ्यांत डोळे घालून बसायची, पापणी न लववता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी पॅसेजमधून गेले की जाड आवाज काढून भिंतीला सांगायची, “मी कोणाला घाबरत नाही.” मला वाटलं, पोरगी उद्धट आहे. बापाला वाटलं, वय आहे. ती बिचारी जिवंत राहायची धडपड करत होती. जी भेदरली ती गेली, एवढं तिला कळलं होतं.

तशी तिची शंका त्याच्याही आधीची. मला तिने पहिल्यांदा पाहिलं ते स्कूटरवर. पुण्याची रीत म्हणून मी डोक्यापासून गळ्यापर्यंत ओढणी गुंडाळलेली, वर काळा गॉगल, काखेपर्यंत हातमोजे आणि पायात अंगठा वेगळा असलेले मोजे. म्हणजे दर्शनी भागात तोंड नाही आणि पायाला दोनच बोटं. शिवाय मला आईची सवय, चपला काढताना त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवायची, निघताना सोपं पडतं. मुलीने त्या पाहिल्या आणि ताडलं की ही बाई घरात उलट्या पायांनी आली.

मग तिने बंदोबस्त केला. एका बशीत लिंबू आणि सात मिरच्या घालून आपल्या खोलीच्या उंबऱ्यात ठेवल्या. ओवता येत नव्हत्या म्हणून नुसत्याच. मला वाटलं, खेळताना विसरली. मी लिंबू पोह्यांवर पिळलं आणि मिरच्या फोडणीला टाकल्या. तिने पाहिलं की राक्षसीण तिचं संरक्षण तोंडी लावून खाते आहे आणि वर विचारते आहे, “अजून आहेत का गं? मस्त तिखट होत्या.”

आणि त्या दुपारी मी आईशी फोनवर बोलत होते. आमच्याकडे फोनवर बोलतात म्हणजे वर्ध्याला फोनशिवायही ऐकू जाईल असं बोलतात. “हो ना वो आई, लालभडक भेटली. पहिले भाजते, मंग सालटं काढते, मंग हातानंच कुस्करते. आज पोट्टीचीच चटणी, हे नाहीत ना घरी!”

पोट्टी म्हणजे आमच्याकडे मुलगी, आणि पोट्टीची चटणी म्हणजे तिच्यापुरती केलेली. लाडाचा शब्द. इंग्रजी शाळेतल्या या मुलीला तो ऐकून आधीच झिणझिण्या आलेल्या. तिने बापाकडे तक्रारही केली होती की नवीन बाई मला पॉटी म्हणते. त्यामुळे ‘पोट्टी’ म्हणजे आपणच, हे तिला पक्कं माहीत होतं. भाजणार, सालटं काढणार, हाताने कुस्करणार. तिने आधी बाबांच्या टॅबवरून आत्याला फोन केला आणि मग गॅलरी गाठली.

आत्या म्हणजे माझी मोठी नणंद. राहते शनिवार पेठेत. लग्नाला तिचा विरोध नव्हता, तिची फक्त एक अट होती: “मुलीला जरा जरी त्रास झाला तर मी तिला माझ्याकडे नेईन.” नवरा यावर मान हलवून बसला होता. आता रिक्षातून उतरून ती तीन मजले चढून आली तरी तिला धाप लागलेली नव्हती. धापेची हिंमत झाली नसावी.

“आपण हिचं काय करणार होतात?” तिने विचारलं. ती मला ‘आपण’ म्हणते. त्या ‘आपण’मध्ये पाणी ठेवलं तर बर्फ जमेल.

“चटणी...”

“ते कळलं. अर्ध्या पुण्याला कळलं.”

मुलीने आत्याच्या पदराआडून सगळा खटला मांडला. तोंड नसणं, चपला, मिरच्या, पॉटी, सगळं. शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणाली, “आणि ही भेदरलेल्यांना खाते. स्वतः म्हणाली.”

मी ओट्यावरून उरलेला टोमॅटो उचलून पुढे केला. “ताई, हे भेदर.”

नणंदेने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. “हा टोमॅटो आहे.”

“हो. आमच्याकडे भेदर म्हणतात.”

“का? कोणाला घाबरतो?”

हे आमच्या अख्ख्या वऱ्हाडात आजवर कोणी विचारलं नव्हतं. मुलगी पदराआडून बाहेर आली आणि टोमॅटोकडे असं पाहू लागली जसं त्याने तिची फसवणूक केली होती.

“ठीक आहे,” नणंद म्हणाली. “टोमॅटो असो नाहीतर काही असो, पोर भेदरली हे खरं. चल गं, दप्तर घे. बाबा येईपर्यंत माझ्याकडे.”

‘बाबा येईपर्यंत’ हे मला पटण्यासारखं नव्हतं. या घरचा मिक्सर आमच्या लग्नाआधी गणपतीत दोन दिवसांसाठी शनिवार पेठेत गेला होता, तो अजून तिथेच वाटतोय. पोरगी एकदा गेली की तिची शाळा तिकडून, जेवण तिकडून, आणि मी रविवारी भेटायला येणारी, चपला उलट्या ठेवणारी बाई. मी मनात चांगलं दोन पानी शुद्ध मराठी भाषण तयार केलं. तोंडातून निघालं, “नका ना नेऊ वो तिले.”

आणि मी दोन्ही हात जोडले. लाल, कोपरापर्यंत, भर दुपारी.

मुलगी जवळ आली. मला ती ‘अहो’ म्हणायची. लग्न मी तिच्या बापाशी केलं, पण घरात मला अहो म्हणणारी ही एकटीच.

“अहो, तुम्ही घाबरलात?”

“हो.”

“आत्याला?”

“आत्याले पण.”

ती विचार करत खोलीत गेली. आत कपाट उघडल्याचा आवाज आला. नणंदेने रिक्षा थांबवून ठेवली होती, तिने घड्याळ पाहिलं. मी नळाखाली हात धरले, कारण हातांचं दुसरं काय करावं ते कळेना. मुलगी बाहेर आली तेव्हा तिने शाळेचा गणवेश काढून घरचा फ्रॉक घातलेला होता. दप्तर नव्हतं. ती सरळ ताट घेऊन ओट्यापाशी उभी राहिली.

नणंद म्हणाली, “रिक्षावाल्याला थांबायचे पैसे उगाच गेले,” आणि निघाली. दाराशी थांबून तिने माझ्या चपला पायानेच सरळ करून ठेवल्या.

आम्ही जेवायला बसलो. भाकरी, भेदराची चटणी, वर कच्चा कांदा. तिने चटणी आधी हुंगली, मग बोटाने चाखली, मग अर्धी वाटी संपवली. नाकातून पाणी येत होतं पण थांबेना. मला भरून आलं होतं. वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, जन्मभर उराशी धरून ठेवावं असं. मी धीर करून विचारलं, “आत्यासोबत काहून नाही गेली गं?”

तिने बोट चाटलं.

“आज मंगळवार आहे. आत्याकडे कारलं असतं.”