लोकरीच्या सपाता

आमच्या घरात लोकरीला विटाळ नव्हता. बाकी सगळ्याला होता. वाळत घातलेल्या सुती लुगड्याला माझं बोट लागलं तरी ते ओवळं व्हायचं, पण घोंगडी, धाबळी, लोकरीचं आसन कुठंही पडलेलं असो, ते सोवळ्यात चालायचं. हा नियम कुणी केला ठाऊक नाही. ज्यानं केला त्याला थंडी वाजत असणार, एवढं नक्की.

आम्ही नळदुर्गला राहत होतो. वडील शाळामास्तर. निजामाचं राज्य गेलं, उर्दूचं ओझं उतरलं, आणि वडिलांना भाषणं करायची संधी आली. झेंडावंदनाला ते समोर बसलेल्या पोरांना सांगायचे की आता सगळे सारखे, शिवाशिव विसरा. आवाज चांगला होता. लोक टाळ्या वाजवायचे. मग ते घरी यायचे, दारातच वहाणा काढायचे, पाय धुवायचे, कपडे बदलायचे आणि कुणाचा स्पर्श झाला नाही ना ते पाहत ताटावर बसायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आई लवकर गेली. ती गेल्यावर वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, आमच्याकडे राहायला आली. राहायला म्हणायचं, आली होती राबायला. ती विधवा होती. सासरी येरमाळ्याला दीर-जावा होत्या, पण त्यांना ती नको होती. आमच्याकडे तिला एकच जागा होती, स्वयंपाकघर. सोवळ्यातला स्वयंपाक ती करते म्हणून ती घरात, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. तिला तर सगळ्यांत जास्त.

स्वयंपाकघराला काळ्या फरशा होत्या. सोवळ्यात चामडं चालत नाही, म्हणून आत्या पहाटेपासून दुपारपर्यंत त्या ओल्या फरशीवर अनवाणी. लाकडी खडावा पुरुषांच्या. थंडीत तिच्या टाचा अशा फुटायच्या की भेगेत नाणं उभं राहील. रात्री ती भेगांत गरम मेण ओतायची आणि दात आवळून कण्हत बसायची. वडील पलीकडं वही तपासत असायचे. त्यांना ऐकू येत नव्हतं असं नाही.

सपातांची कल्पना तिची. वडील संध्येला बसायचे ते जेनावर. जेन म्हणजे थापून केलेलं लोकरीचं जाड आसन, आमच्याकडं धनगर करतात. एक दिवस आत्यानं विचारलं, "ह्यावर बसून संध्या चालती, तर उभं राहून भाकरी न्हाई का चालायची?" वडील तसेच उठले. ते गुरुजींना विचारून आले. लोकरीला दोष नाही, गुरुजी म्हणाले. वडिलांनी परवानगी दिली ती जणू जमीन दान द्यावी अशी.

कातरणीच्या दिवसांत एक धनगरीण दारावर यायची. तिच्याकडून आत्यानं काळी लोकर घेतली आणि थापायचं कसं तेही विचारून घेतलं. परसात बसून आम्ही दोघी लोकरीतली कुसळं वेचायचो. मग ती हातानं मोकळी करायची, गोणपाटावर एक थर उभा, एक थर आडवा असा पसरायचा. त्यावर रिठ्याचं कढत पाणी शिंपडायचं, गोणपाट घट्ट गुंडाळून बांधायचं आणि पायानं तुडवायचं. उलगडायचं, वळवायचं, पुन्हा तुडवायचं. दुपारभर. तळहाताएवढ्या जागी हातभर लोकर जिरायची तेव्हा कुठं ती एकजीव व्हायची. वाळली की आत्या तिचे तळवे कापायची, तीन थर एकावर एक ठेवून लोकरीच्याच दोऱ्यानं शिवायची आणि वर एक पट्टा. दिसायला अगदी बेढब. आत्यानं पहिल्यांदा पाय घातले आणि चुलीपासून पाण्याच्या घागरीपर्यंत उगीच दोनदा चालून आली. मी तिला हसले. तीही हसली, आणि ते मी फार वेळा पाहिलेलं नाही.

पण फरशी खरबरीत. महिनाभरात टाचेला भोक पडायचं. त्याहून वाईट म्हणजे लोकर पाणी प्यायची आणि दिवसभर ओली राहायची. भेगा भरत आल्या तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. आत्याला बारीक दिसत नव्हतं, म्हणून ठिगळं लावायचं काम माझ्याकडं आलं. दर पंधरा दिवसांनी नवं ठिगळ, आणि ते आठवड्यात भिजून लोंबायचं. मी बारा वर्षांची होते आणि मला हरायला आवडत नव्हतं.

दिवाळीनंतर आमच्या मळ्यात गेले होते. विहिरीवर जुनी मोट टाकून दिलेली होती, बैलांनी पाणी ओढायची चामड्याची मोट. वर्षानुवर्षं पाण्यात राहूनही तिचा बुडाचा भाग शाबूत होता. मी विळ्यानं दोन तुकडे कापले, परकरात लपवून आणले आणि सपातांच्या खालच्या दोन थरांच्या मधे घालून शिवून टाकले. बाहेरून नुसती लोकर. चामड्याला दोष आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. माझं गणित सरळ होतं, दिसत नाही त्याला विटाळ कसला? आमच्या घरात हेच तर चालायचं.

सपाता तीन महिने टिकल्या. पाणी वर चढेना. आत्याच्या टाचा बाळाच्या असाव्यात तशा झाल्या.

माघात आजोबांचं श्राद्ध होतं. पानं वाढली होती, गुरुजी बसले होते, वडिलांनी हातात पाणी घेतलं होतं. आत्या खीर घेऊन आली आणि तिच्या पायाखालून सपातेचा खालचा थर उसवून मागं राहिला. त्याच्याबरोबर तो तुकडाही. भिजलेलं चामडं ओळखायला नाकही पुरतं.

वडिलांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

मी दाराशी उभी होते. आत्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "म्या केलं," ती म्हणाली.

गुरुजी उठले. सगळा स्वयंपाक, वडे, खीर, भोपळ्याची भाजी, परसात खड्डा करून पुरला. वडील पुरत होते तेव्हा मी त्यांच्यामागं जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "आण्णा, हा भोपळा मळ्यातलाच ना? मळ्याला पाणी मोटेचं. मोट कशाची असती?"

त्यांनी हातातलं फावडं टाकून माझ्या कानाखाली दिली. आजही मला वाटतं की माझा प्रश्न बरोबर होता. वाद घालायची हिंमत माझ्यात होती. कबूल करायची नव्हती. मी केलं, एवढे दोन शब्द त्या दिवशी माझ्या तोंडून निघाले नाहीत आणि वडिलांपुढं नंतरही नाहीत.

सपाता वडिलांनी चुलीत नाही, उकिरड्यावर जाळल्या. चूल बाटेल म्हणून. आत्याला पंचगव्य दिलं आणि सांगितलं, "आक्का, तुम्ही आता सोवळ्यातलं काही करू नका." अहोजाहो शेवटपर्यंत होतं हां, त्यात कसूर नाही. चूल गेल्यावर तिला घरात काम उरलं नाही, आणि काम नसलेली विधवा किती जागा अडवते हे वडिलांना दोन महिन्यांत समजलं. येरमाळ्याला पत्र गेलं. दिरानं उत्तर धाडलं की गोठ्याशेजारची खोली रिकामी आहे.

एस.टी.पर्यंत मी तिला सोडायला गेले. तिचं एक गाठोडं, आणि पाय पुन्हा अनवाणी. गाडीला वेळ होता. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, "आत्या, ते चामडं मी घातलं होतं."

"मला ठाऊक हाय की," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळालं. लोकर अशी वाजत न्हाई पायाखाली."

"मग काढून का नाही टाकलं?"

तिनं गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. "पाय दुखत नव्हते गं," ती म्हणाली.

मला तिचा संताप आला. देवाधर्मात मुरलेली बाई, तीन महिने सगळं माहीत असून त्याच पायांनी नैवेद्य करते, आणि कशासाठी, तर टाचांसाठी. मला वाटलं, हिनंच स्वतःचं घर घालवलं. गाडी आली, मी तिच्या पाया पडले नाही, तशीच परत फिरले.

त्या उन्हाळ्यात वडिलांनी माझी शाळा थांबवली. घरात सोवळ्यात स्वयंपाक करणारं दुसरं कुणी नव्हतं. दिवाळीपर्यंत माझ्या टाचा फुटल्या. मार्गशीर्षातल्या एका पहाटे भेगेतून रक्त आलं आणि फरशीवर उमटत गेलं, तेव्हा मी मोटेचा दुसरा तुकडा शोधायला मळ्यात गेले. विहिरीवर इंजिन बसलं होतं. मोट कुणीतरी उचलून नेली होती.