प्रमिलाच्या हाताला वास नव्हता

मुंबईच्या हेड ऑफिसमधून आलेल्या पाहुण्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि प्लेट हळूच पुढे सरकवली. शेजारच्या बाईंनी आपली प्लेट नाकाशी नेली. मग आमच्या ॲडमिनच्या साहेबांनी चाखून बघितलं. त्यांचा चेहरा बघून मी किचनच्या दारातच थांबलो.

"काका, इकडे या. चॉकलेटला मासळीचा वास येतोय."

तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनचा मी सुपरवायझर होतो. त्या दुपारी काय घडलं याची एक गोष्ट बोईसरमध्ये अजून सांगितली जाते, आणि ती खोटी आहे. ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

पाहुण्यांसाठी गुलाबजाम नको, श्रीखंड नको, काहीतरी नवीन करा, असा साहेबांचा हुकूम होता. आमच्याकडे ओव्हन नव्हता. तेव्हा किचनमधल्या प्रमिलाने घरून एक डबा आणून माझ्यापुढे ठेवला. मुलीच्या वाढदिवसाला तिने मोबाईलवर बघून चॉकलेट आणि पीनट बटरचं तीन थरांचं गोड केलं होतं. भट्टी नाही, ओव्हन नाही, सगळं काम फ्रीजचं. मी दोन घास खाल्ले आणि तिसरा मागितला.

प्रमिला सातपाटीची. घरची मासेमारीची होडी. ती आमच्याकडे हेल्पर होती, म्हणजे भाजी चिरणं, कणीक मळणं, मासे साफ करणं. हाताला चव होती म्हणून मासळीचं जेवण हळूहळू तिच्याकडेच आलं होतं, पण हुद्दा हेल्परचाच. आमच्या कॅन्टीनमध्ये कुक सगळे पुरुष. मी तिला सांगितलं, "हे पाहुण्यांना आवडलं तर तुला कुक करायचं साहेबांकडे मी बोलतो." तिने फक्त मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी नवा पांढरा ॲप्रन स्वतः शिवून आणला.

पीनट बटरही तिने घरीच केलं. शेंगदाणे मंद आचेवर भाजले, सालं काढली, मिक्सरला लावले. आपण कूट झालं की थांबतो. ती थांबली नाही. कुटाचा गोळा झाला, गोळ्याला तेल सुटलं, आणि शेवटी ते मधासारखं वाहू लागलं. तळाचा थर बिस्किटांचा चुरा आणि वितळवलेलं लोणी, वाटीच्या बुडाने दाबून बसवलेला. त्यावर पीनट बटर आणि फेटलेलं क्रीम. हे दोन थर गुरुवारी संध्याकाळी करून ट्रे फ्रीजमध्ये ठेवले. शुक्रवारी सकाळी वर गनाश ओतायचं. गनाश म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवलेलं चॉकलेट. ते चार-पाच तास गार झालं की सुरीने कापता येतं.

आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. प्लांट बंद असतो म्हणून पाहुणेही शुक्रवारीच आले. आणि देखभालीसाठी वीज बंद ठेवायची असेल तर तीही शुक्रवारीच. तशी नोटीस गुरुवारी माझ्या टेबलावर आली होती. मी ती वाचली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. दिवसभर पाहुण्यांच्या मेनूच्या गडबडीत विसरलो. ही माझी पहिली चूक, आणि ती मी कधीच कुणाला सांगितली नाही.

नऊ वाजता लाईट गेली. जनरेटर ऑफिसला होता, कॅन्टीनच्या फ्रीजला नव्हता. गनाश ओतून तासही झाला नव्हता.

प्रमिला म्हणाली, "काका, फ्रीजचं दार उघडू नका. बंद राह्यला तर जेवणापर्यंत थंडी टिकेल."

मी तीन वेळा उघडला. चॉकलेट हलत होतं. कॅन्टीनच्या मागे थर्माकोलचे मोठे बॉक्स पडलेले होते. दर बुधवारी सातपाटीहून मासळी यायची, तिचे. मी ते सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन घेतले, बर्फाच्या लाद्या मागवल्या आणि ट्रे आत ठेवायला लागलो.

"काका, ह्या बॉक्सात नको. वास हाय त्यांना."

"आत्ता धुतलेत. मला तर काही येत नाही."

"तुमाला नाय येणार. आमी जन्मभर धुतोय हे बॉक्स. थर्माकोलमधला वास जात नाय. आन लोणी वास ओढून घेतं."

"मग काय करू? आरती ओवाळू?"

"वरून झाकून तरी ठेवा."

"झाकलं की चॉकलेट फॉईलला चिकटेल. तू मला शिकवू नको. जा, पापलेटांना मसाला लाव."

ती गेली. ट्रे उघडेच चार तास त्या बॉक्समध्ये राहिले. गोड मात्र सुरेख जमलं. सुरी फिरवली तर तिन्ही थर वेगळे दिसत होते. माझ्या नाकाला काही कळलं नाही. किचनमध्ये तेव्हा मासेच तळले जात होते.

आता पुन्हा जेवणाच्या टेबलाशी येतो.

"कोणी बनवलं हे?" साहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, "प्रमिलाने. सातपाटीची आहे."

एवढंच. एक शब्दही जास्त नाही. मी खोटं बोललो नाही. मी फक्त विचारलेलं नसताना तिच्या गावाचं नाव सांगितलं. पुढचं काम इतरांनी केलं.

"मग बरोबर!" साहेब म्हणाले. "वास हातालाच असणार. मच्छीवालीला गोड करायला कोण देतं, काका?"

टेबल हसलं. त्याच टेबलाने अर्ध्या तासापूर्वी त्याच हातांनी तळलेलं पापलेट दोन-दोनदा मागून घेतलं होतं. एका पाहुण्याने तर रेसिपी विचारली होती. तेव्हा कुणाला हात आठवले नव्हते. त्या हसण्याची चीड मला आजही येते. पण तिथे उभा राहून गप्प बसलेला माणूस मीच होतो, त्यामुळे चिडायचा हक्क मला किती, हा प्रश्नच आहे.

प्रमिलाने दाराआडून सगळं ऐकलं होतं. मी आत गेलो तसे तिने दोन्ही हात माझ्या नाकापुढे धरले.

"घ्या वास. घ्या ना."

साबणाचा वास येत होता, आणि खाली पापलेटच्या मसाल्याचा, लसणाचा. मासळीचा येत नव्हता.

"जाऊ दे ना प्रमिला," मी म्हणालो. "मोठी माणसं आहेत. विसरतील."

शनिवारी साहेबांचा निरोप आला. प्रमिलाने दुधाला आणि गोडाला हात लावायचा नाही, भांडी घासावीत. तो निरोप मीच तिला सांगितला. तिने ॲप्रन काढला, नीट घडी घातली आणि सोबत घेऊन गेली. परत आली नाही.

गेल्या महिन्यात त्या साहेबांचा निरोप समारंभ पालघरच्या एका हॉलमध्ये झाला. मीही गेलो होतो. साहेबांनी भाषणात 'सातपाटी चॉकलेट'चा किस्सा रंगवून सांगितला. हॉल हसून लोळला. एकजण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काका, तुमच्याच कॅन्टीनची ना ती?" मी हसलो नाही. पण उठून बोललोही नाही.

दुसऱ्या दिवशी सातपाटीला गेलो. प्रमिला अंगणात सुकट निवडत होती. तिने मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा दिला. मी नोटिशीपासून बॉक्सपर्यंत सगळं सांगितलं. ती निवडत राहिली.

"काका, हे मला कशाला सांगता? मी तिथंच होते ना."

"मला माफी मागायची होती."

"मला ठाऊक हाय वास कुठचा होता तो. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांगा."

म्हणून हे लिहिलं. त्या टेबलावर आणि त्या हॉलमध्ये हसलेल्यांपैकी कुणी वाचत असेल तर नीट ऐका. नोटीस माझ्या ड्रॉवरमध्ये होती. बॉक्स मी आणले. ट्रे उघडे मी ठेवले. प्रमिलाने दोनदा बजावलं होतं.

आणि कुणाला हे गोड घरी करायचं असेल तर एकच सूचना. लाईट गेली तर फ्रीजचं दार उघडू नका. ही सूचनाही तिचीच आहे.