मोठ्याबाई आणि माझा गुरुवार

पोटात कावळे कोकलत असताना, भरल्या टेबलाशी बसून, होणाऱ्या सुनेच्या आईसमोर खोटा उपास सांगण्याचा मूर्खपणा मी केलेला आहे. तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती, म्हणजे अक्कल यायला वेळ भरपूर मिळाला होता. त्या समोरच्या बाई म्हणजे मोठ्याबाई. नागपूरकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेत सगळे त्यांना मोठ्याबाई म्हणत, पुढे आम्हीही म्हणू लागलो. उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या. पण त्यांच्या बोलण्यातले पूर्णविराम इतके ठळक, की त्यापुढे कुणी ब्र काढत नसे.

आमचा निखिल हिंजवडीच्या आयटी कंपनीत, प्रज्ञा त्याच्याच ऑफिसातली. तिचं घर बौद्ध. आमचं सदाशिव पेठेतलं, सोवळं कधीच गेलेलं पण त्याची ऐट तेवढी शिल्लक. मी फार मोठं मन करून निरोप धाडला, "घरी या, पुरणपोळी करते." मोठ्याबाईंचं उत्तर आलं, "आधी बाहेर भेटू. परक्या जागी दोघीही पाहुण्या." मला वाटलं, काय हा ताठा! पण प्रज्ञाने निखिलला बजावून ठेवलं होतं, माझ्या आईचं मन बसलं नाही तर लग्न नाही.

मुलांनी नगर रोडच्या मॉलमधलं एक इटालियन हॉटेल निवडलं. म्हणे त्यांच्या शाखा सगळ्या मोठ्या शहरांत आहेत. मंद दिवे, टेबलावर मेणबत्ती, आणि सोफा असा खोल की एकदा बसलं की उठायला क्रेन मागवावी. मान म्हणून मला आतल्या कोपऱ्यात बसवलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला आमचे हे. सुटायचं तर यांच्या मांडीवरूनच.

न कळलेलं विचारायची मोठ्याबाईंना कधी लाज वाटली नाही. मेन्यूकार्ड त्यांनी पहिल्या ओळीपासून बोट लावून वाचायला घेतलं. "नाव राहू द्या बेटा, यात काय काय पडतं ते सांगा," त्या वेटरला म्हणाल्या. तो खुशीत सांगत सुटला. आणि मी? साऱ्या जगाला जेवायच्या पद्धती शिकवणारी मी, कार्डाआड तोंड लपवून बसले होते. इंग्रजी मला वाचता येत होतं, पण हे इंग्रजी नव्हतंच. काटा कुठल्या हातात धरायचा तेही आठवेना. इतक्यात वेटर माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमच्यासाठी?"

"माझा आज उपास आहे," मी म्हणाले.

"कसला गं?" आमचे हे म्हणाले. "सकाळी तर..."

मी यांच्या पायावर पाय दिला. "गुरुवारचा."

प्रज्ञाने कार्ड मिटलं. मी टेबल उलटवल्यासारखा निखिल माझ्याकडे बघत राहिला. मी मात्र मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, कशी सुटले! मोठ्याबाईंनी पाण्याचा जग उचलला, माझा ग्लास भरला आणि पुढे सरकवला.

"पाणी चालतं ना उपासाला?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या हातचं पाणी! मी ग्लास एका दमात रिकामा केला. त्यांनी पुन्हा भरला. तोही संपवला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

जेवण आलं. लसणाचा, चीजचा वास नाकात घुसला. नुसते काटे वाजत होते. खोटं बोलले म्हणून सांगावं तर खोटारडी ठरते, रेटावं तर त्याहून वाईट काहीतरी ठरते. पळावं तर भिंत. माझ्या एका गुरुवारापायी पोराचं लग्न समोर थंड होत चाललं होतं.

"इतका विचार काय करून राहिल्या?" मोठ्याबाई म्हणाल्या.

"अहो, उपासबिपास काही नाही!" मी जवळजवळ ओरडलेच. "मला त्या कार्डातलं ओ की ठो कळलं नाही, काट्याने खाता येत नाही. लाज वाटली म्हणून बोलले." आणि माझा हात थेट त्यांच्या ताटलीकडे गेला.

त्यांनी ताटली मागे ओढली. "माझ्यातलं खाऊन दाखवायची गरज नाही. तुमचं वेगळं मागवू. हाताने खा."

मनगटापर्यंत पांढरा सॉस माखून मी ते जेवण जेवले. मोठ्याबाई पेपर तपासावा तशा बघत होत्या.

लग्न झालं, पण लगेच नाही. त्याआधी आणि त्यानंतरही मोठ्याबाई आमच्याकडे येत राहिल्या, मी त्यांच्याकडे जात राहिले. माझ्या आमटीला त्या तोंडावर "गोड पाणी" म्हणायच्या आणि दोनदा वाढून घ्यायच्या. त्यांच्या तिखटाने माझे डोळे वाहू लागले, की शांतपणे रुमाल पुढे करायच्या. शेजारणींशी माझी ओळख करून देताना म्हणायच्या, "ह्या आमच्या विहीणबाई. उपासाच्या." नातीच्या बारशाला तर त्यांनी हे चारचौघांत सांगितलं आणि मी त्यांच्याहून मोठ्याने हसले.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. त्याआधी नागपूरला त्यांच्या खाटेशी बसून मी मोसंबी सोलत होते. इतकी वर्षं मनात अडकलेलं एकदाचं विचारलं, "त्या दिवशी कार्ड कळलं नाही म्हणून उपास सांगितला म्हणाले, ते खरं वाटलं होतं का हो तुम्हाला?"

मोठ्याबाईंनी फोड तोंडात टाकली, बी हातावर काढली आणि म्हणाल्या, "नाही वाटलं. मी चहा पुढे केला की उपास निघणाऱ्या बाया शाळेत जन्मभर पाहिल्या, बाई. पण मोडणारी एक पाहिली नव्हती. म्हणून पोरीला म्हटलं, घाई नको करू, हिला अजून थोडं बघू."